ताटाची डावी बाजू

कॉपी करणारा मुलगा मला पाठमोरा ओळखता येतो. डोंबिवलीतल्या एका शाळेत मी जन्मभर गणित शिकवलं, आणि शिकवण्याइतकाच वेळ परीक्षेच्या वर्गांत पहारा दिला. खिशात चिठ्ठी असलेल्या मुलाची मान वेगळी असते. ती जरा जास्तच सरळ असते आणि त्याचं अक्षर एरवीपेक्षा चांगलं येत असतं. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, पण नजर राहिली, आणि त्या नजरेखाली आता घरात एकच माणूस उरला होता. आमचे हे.

ह्यांची सगळी नोकरी ठाण्याच्या एका कारखान्यात, मशिनांच्या देखभालीत गेली. आमच्याकडे गाडी बरीच वर्षं होती, पण डोंबिवलीत असते तशी होती, म्हणजे सोसायटीच्या आवारात कव्हराखाली. रविवारी सकाळी हे कव्हर काढत, गाडी पुसत, थोडा वेळ सुरू करून ठेवत आणि परत कव्हर घालत. लग्नकार्याला किंवा लेकीकडे ठाण्याला जायचं असलं तरच ती गेटाबाहेर पडे. निवृत्तीनंतर ती छोटी गाडी विकून त्यांनी एक उंच, दणकट, सेकंडहॅण्ड गाडी घेतली, तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण भाजी आणण्यापुरतं नाही.

त्यांच्या मनात उत्तरेला उंच डोंगरांतून जाणारा स्पितीचा रस्ता होता. रात्रीचं जेवण झालं की ते मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून त्या रस्त्याचे व्हिडिओ बघत. डांबर नाही, कठडा नाही, नुसते धोंडे आणि एका अंगाला दरी. मधेच डोंगरावरून येणारा ओढा सरळ रस्त्यावरून वाहतो आणि गाडी त्यातून काढावी लागते. "एकदा स्वतः चालवायचाय," ते म्हणत, आणि हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की शेवटी मीच म्हटलं, जाऊ या. मला डोंगर बघायचे होते. शिवाय ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची मशिनं चालू ठेवली, त्याला एकदा स्वतःची गाडी हवी तिथे नेता यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

जायचं ठरलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मला पहिली शंका आली. ती आली ताटावरून.

आमच्याकडे रोजच्या जेवणालाही ताट रीतसर वाढलेलं असतं. वर मधोमध मिठाची चिमूट, तिला लागून लिंबाची फोड, तिथून डावीकडे खाली चटणी, लोणचं आणि पापड. उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. सासूबाईंनी मला तसं शिकवलं आणि मी कधी बदललं नाही. ह्यांची जेवायची सुरुवात नेहमी चटणीपासून. आधी बोटभर चटणी जिभेवर, मग भात कालवायचा. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात मला ते अशिष्ट वाटलं होतं, मग त्याचीच सवय झाली. तर एके दिवशी ताट उचलताना मी बघितलं, उजवी बाजू चाटूनपुसून साफ आणि डावी बाजू जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशीही तेच. मीठही तसंच होतं, पण वरून मीठ हल्ली घेतं कोण, म्हणून मी ते सोडून दिलं. लिंबाची फोड मात्र पिळलेली होती.

चटणी नको का, असं मी विचारलं. ते म्हणाले, लक्षातच आलं नाही. हा माणूस चटणी विसरला, यावर माझा विश्वास बसणं शक्य नव्हतं.

त्याच सुमारास गाडी सोसायटीच्या गेटाच्या खांबाला घासली. डाव्या अंगाला मागच्या दारापर्यंत ओरखडा गेला. त्या खांबापासून ते इतकी वर्षं गाडी आत-बाहेर करत होते. वॉचमनने हाक मारल्यावर ते उतरले, ओरखड्याकडे बघत उभे राहिले आणि परत आत बसले. स्टीअरिंगवर हात ठेवून पाच-दहा मिनिटं तसेच बसून होते. मी गॅलरीतून बघत होते. गाडीला ओरखडा पडल्यावर हा माणूस वॉचमनशी, खांबाशी आणि तो बांधणाऱ्याशी भांडायला हवा होता.

ठाण्याच्या फेऱ्या त्याच्या थोड्या आधीपासूनच सुरू होत्या, पण त्या माझ्या डोळ्यांवर आता आल्या. अधूनमधून सकाळी उठून हे लेकीकडे जाऊन येतो म्हणत. मी लेकीला फोन केला की ती सांगे, बाबा आले होते गं, पण चहा घेतला आणि लगेच निघाले. निघाले ते घरी पोचायला दुपार होई. कुठे होता म्हटलं तर एक जुना मित्र कळव्याला राहायला आलाय, त्याच्याकडे. मित्राचं नाव सांगायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यावरून मला कळलं की असा मित्र नाही.

ठाण्याला का, हे मला समजत होतं. डोंबिवलीत डॉक्टर असो की केमिस्ट, तो माझा विद्यार्थी तरी असतो नाहीतर विद्यार्थिनीचा नवरा. इथे कोणी साधा खोकल्याचा काढा घेतला तरी संध्याकाळी मला भाजीवाल्यापाशी बातमी कळते, बाई, सर बरे आहेत ना? बाईंचा नवरा म्हणून इथे हेही सरच. म्हणजे ज्याला बायकोपासून काही लपवायचंय तो खाडी ओलांडूनच जाणार. प्रश्न एवढाच होता की काय लपवायचंय.

माझ्या मामाला काचबिंदू होता. त्याची नजर कडेकडेने कमी होत गेली आणि बराच काळ त्याचं त्यालाही कळलं नाही. समोरचं वर्तमानपत्र तो घडाघडा वाचत असे आणि शेजारच्या स्टुलाला धडकत असे. ताट, खांब, ठाण्याच्या फेऱ्या हे सगळं मी एका ओळीत मांडलं आणि उत्तर काढलं. ह्यांना डावीकडचं दिसत नाही. लिंबाचं तेवढं जुळत नव्हतं, पण लिंबू मधल्या मिठाला खेटून असतं, म्हणून दिसत असेल, असं मी स्वतःला समजावलं. आणि हा माणूस आता जिथे डावीकडे हातभर अंतरावर दरी आहे अशा रस्त्यावर, मला शेजारी बसवून, गाडी घालणार होता.

सरळ विचारलं असतं तर "काही नाही गं" एवढंच उत्तर मिळालं असतं. ते मी आधी विचारून बघितलंच होतं. म्हणून मी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. हे हसत हसत आले. दवाखान्यात बाकावर बसून माझ्याशी गप्पा मारल्या, आत गेले, बाहेर आले, आणि डॉक्टर म्हणाला, बाई, सरांचे डोळे छान आहेत, मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, ती काय या वयात सगळ्यांनाच असते. कडेचं दिसतं ना नीट, असं मी विचारलं. तो म्हणाला, दिसतंय की. आता हा डॉक्टर नववीत असताना मी त्याला शेजाऱ्याच्या वहीतून भूमितीचं रायडर, म्हणजे सिद्ध करायचं उदाहरण, उतरवताना पकडलं होतं. त्यामुळे त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्नच होता. ह्यांनी आत जाऊन त्याला गुंडाळलं असणार, असं मी धरून चालले. शिवाय इतक्या आनंदाने कोणी डोळे तपासायला जात नाही.

गणिताच्या शिक्षकाला खरं म्हणजे फार सोपी चाचणी सुचायला हवी होती, आणि सुचलीही होती. ताट फिरवायचं. चटणी-लोणचं उजवीकडे आलं आणि त्यांनी खाल्लं, तर डोळ्यांचा दोष. उजवीकडे येऊनही ते तसंच राहिलं, तर कारण दुसरं. एका दुपारी त्यांची पाठ असताना मी ताटाच्या कडेला हातही लावला. पण आमच्या घरी पितरांचं पान तेवढं उलट्या बाजूने वाढतात. जिवंत माणसापुढचं ताट फिरवायला माझा हात धजेना. मी अशा गोष्टी मानत नाही. वर्गात मुलांना मी छातीठोक सांगत आले की हे सगळं थोतांड आहे. तरी मी हात काढून घेतला आणि पोळ्या आणायला आत गेले.

मग मी दुसरा मार्ग धरला. डोळे त्यांचे नाहीत तर माझे. जाण्याआधी सराव म्हणून आम्ही सकाळी सकाळी गाडी मलंगगडाच्या बाजूला नेत असू, जिथे डांबर संपून कच्च्या वाटा सुरू होतात. मी शेजारी बसून सांगायची, डावीकडे हातभर आहे, डावीकडे दगड आहे, आता वीतभर आहे, उजवीकडे घ्या. लग्नापासून हे माझ्या एका सवयीवर चिडत आलेत. गाडीत शेजारी बसले की माझा पाय आपोआप नसलेला ब्रेक दाबतो. पण आता मी मोठ्याने डावी बाजू सांगत होते आणि ते एका शब्दाने चिडले नाहीत. उलट म्हणाले, "बरं करतेस. सांगत जा." झालं, माझी खात्री पटली. माझ्या सूचना हा माणूस अडल्याशिवाय ऐकून घेणार नाही.

जाणं रद्द का केलं नाही, असं लेकीने नंतर मला विचारलं. खरं सांगायचं तर मला त्यांना पकडायचं नव्हतं. पकडलेल्या मुलाचं तोंड मी खूप वेळा बघितलंय. पेपर काढून घेतला की तो मुलगा वर्गाबाहेर जातो आणि वर्ष संपेपर्यंत आपल्याकडे बघत नाही. मला घरात तसं तोंड नको होतं. मी डावीकडे बघेन, ते समोर बघतील, आणि दोघं मिळून निभावून नेऊ, असा माझा हिशेब होता.

डोंबिवलीहून मनालीपर्यंत चांगला रस्ता आहे आणि आम्ही मुक्काम करत करत निवांत गेलो. मनालीत दोन गोष्टी घडल्या. ह्यांनी ऑक्सिजनचा डबा विकत घेतला आणि म्हणाले, तुझ्यासाठी, वर तुला त्रास झाला तर. माझ्या तब्येतीची एवढी काळजी त्यांना एकाएकी का वाटू लागली, याची मी मनात नोंद केली. आणि गाडीच्या खणात त्यांच्या गॉगलचं घर होतं. गॉगल डोळ्यांवर असतानाही गाडी हलली की ते घर वाजायचं. मी उघडणार, तेवढ्यात त्यांनी सहज हात पुढे करून ते आपल्या खिशात घातलं. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असेल, असं मी ठरवून टाकलं.

मनालीच्या पुढचा लांब बोगदा ओलांडून पुढे ग्रांफूपाशी डांबर संपतं. तिथून पुढे रस्ता म्हणजे कोणीतरी डोंगराच्या अंगावरून ट्रकभर धोंडे ओतत गेल्यासारखा. पहिला गिअर, दुसरा, परत पहिला. गाडीच्या पोटाला दगड लागला की माझा पाय तो नसलेला ब्रेक दाबी. सुरुवातीला नदी डावीकडे होती, खूप खाली, राखाडी रंगाची, आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून सांगत होते. हातभर, हातभर, वीतभर, थांबा. ओढे आले की ते आधी थांबून पाणी बघत, मग न थांबता गाडी काढत. उत्तम चालवत होते. इतकं उत्तम की मधेच मला माझ्या संशयाची लाज वाटली.

छत्रूचा पूल ओलांडला आणि नदी उजवीकडे गेली. आता डावीकडे नुसता कडा होता. तरी मी डावीकडेच बघत राहिले आणि कड्याची अंतरं सांगत राहिले. हात, वीत, हात. उजवीकडे, म्हणजे त्यांच्याकडे, मी बघितलंच नाही. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की गाडीत काहीतरी कमी आहे. हे गाडी चालवताना नेहमी तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणतात. ते केव्हाच बंद झालं होतं. मी मान वळवली. ओठ कोरडे होते, चेहरा उतरलेला होता, आणि ते पुन्हा पुन्हा लांब जांभई देत होते. थकलात का, असं विचारलं. "काही नाही गं," ते म्हणाले.

बातलच्या पुढे पूल ओलांडला की रस्ता स्पितीत जायच्या उंच खिंडीकडे चढायला लागतो. दोन-तीन वळणं चढलो असू. मग ह्यांनी गाडी जरा रुंद जागेत कड्याच्या बाजूला घेतली, हॅण्डब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. समोर वळणावर वारा धूळ उडवत होता आणि आसपास चिटपाखरू नव्हतं.

"तू चालवशील का?" ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, डोळ्यांचंच ना? मला माहीत आहे. कधीपासून माहीत आहे. त्यांनी डोकं मागे टेकलं.

"डोळे ठीक आहेत गं. तू डावीकडेच बघत होतीस. म्हटलं, बघू दे."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. ठाण्याच्या डॉक्टरने रक्तदाब बघितला होता, हृदयाचा आलेख काढला होता आणि वरून मीठ, लोणचं, पापड, चटणी सगळं बंद केलं होतं. गेटापाशी खांबाला गाडी घासली त्या दिवशी त्यांना चक्कर आली होती. आणखी एक तपासणी झाल्याशिवाय उंचावर जायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. ती तपासणी त्यांनी केलीच नाही, कारण त्यात काही निघालं असतं तर हा रस्ता राहून गेला असता. गॉगलच्या घरात गोळ्या होत्या. मी डोळ्यांचा संशय घेतेय हे त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हाच कळलं होतं. मी चुकीच्या जागी शोधतेय म्हटल्यावर त्यांना बरंच वाटलं होतं.

मला इतका राग आला की क्षणभर भीती मागे पडली. आणि त्या रागात मला ते ताट दिसलं. डावी बाजू. चटणी, लोणचं, पापड आणि वरचं मीठ, म्हणजे खारट तेवढंच उष्टं न झालेलं, आणि लिंबू पिळलेलं. उत्तर रोज दोन वेळा माझ्या हाताखालून घासायला जात होतं. ताट एकदा फिरवलं असतं तर कळलं असतं. त्यांचं काही वाईट होऊ नये म्हणून मी ते फिरवलं नाही, आणि म्हणून आम्ही इथे होतो. मोबाइलला रेंज नव्हती. मी गोळ्यांचं घर त्यांच्या खिशातून काढलं, डॉक्टरने सांगितलेली गोळी त्यांना विचारून दिली, माझ्यासाठी आणलेला ऑक्सिजनचा डबा त्यांच्या तोंडाशी धरला आणि त्यांना माझ्या जागेवर बसवलं. वर जायचं नाही, खाली मनालीला उतरायचं, हे मी त्यांना विचारलं नाही.

माझ्याकडे लायसन्स होतं. गाडी मी डोंबिवलीच्याच एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकले होते, जिथे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही वेगळा ब्रेक असतो आणि शिकणाऱ्याला वाटतं की गाडी आपण थांबवली. त्यानंतर कधीमधी एखाद्या रविवारी सकाळी रस्ते रिकामे असताना मी ती जुनी छोटी गाडी घेऊन कल्याण-शीळ रस्त्याने लेकीकडे जात असे, तेवढंच. मी सीट पुढे ओढली, आरसा वाकवला आणि त्या रुंद जागेत पुढे-मागे करत गाडी वळवली. किती वेळा पुढे-मागे केली, मला आठवत नाही. क्लच नीट सुटत नव्हता आणि गाडी दर वेळी गचके खात होती.

उतार उतरून बातलचा पूल परत ओलांडला. तिथे धाब्यावरच्या माणसांना विचारलं, पण डॉक्टर खालीच मिळेल, थांबू नका, असं त्यांनी सांगितलं. आता येतानाचा कडा उजवीकडे गेला होता आणि नदी डावीकडे आली होती. म्हणजे दरी ह्यांच्या बाजूला. दिवसभर मी पाठ केलेली डावी बाजू आता मला दिसत नव्हती. गाडीचं ते उंच नाक आणि त्याच्यापलीकडे आभाळ, एवढंच दिसत होतं. मी शक्य तेवढी कड्याला चिकटून, माणूस चालतो त्या वेगाने चालले होते. ह्यांचे डोळे मिटलेले दिसले की मी काहीतरी विचारायची, आणि त्यांनी उत्तर दिलं की पुढे जायची.

एका वळणाच्या अलीकडे समोरून ट्रक आला. भरलेला, चढाच्या दिशेने. त्याला मागे जाणं शक्य नव्हतं, हे मलाही कळत होतं. ट्रकवाल्याने हाताने खूण केली, तुमच्या डावीकडे घ्या. माझ्या डावीकडे दरी होती.

"डावीकडे किती आहे?" मी विचारलं.

"भरपूर आहे," हे म्हणाले.

मी ब्रेकवरचा पाय काढला नाही. तो "भरपूर" मला ओळखीचा वाटला. "काही नाही गं"च्या सुरातला होता. मला बरं वाटावं म्हणून बोललेला. मी त्यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "इतके महिने तुम्ही मला काही नाही, काही नाही सांगत आलात. आता भरपूर म्हणताय. मी कसं मानू?"

ट्रकचं इंजिन समोर धडधडत होतं. मग त्यांनी डबा मांडीवर ठेवला, काच खाली केली, आणि कष्टाने मान बाहेर काढून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मान आत घेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत वाऱ्याने पाणी आलं होतं.

"भरपूर नाहीये," ते म्हणाले. "टायरभर आहे. खाली दगड आहे, माती नाही, तो धरेल असं वाटतंय. मला भीती वाटतेय. पण बसेल."

मी त्यांच्या मानेकडे बघितलं. ती सरळ नव्हती. वाकलेली, दमलेली, काहीही न लपवणारी मान होती. मी ब्रेक सोडला आणि स्टीअरिंग डावीकडे वळवलं. ते मान बाहेर काढून सांगत राहिले, अजून, अजून, अजून थोडं, थांब. मी थांबले. ट्रक माझ्या आरशाला जवळजवळ घासून, दगड चुरडत, अत्यंत सावकाश निघून गेला. त्याची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं हललो नाही. मग ते म्हणाले, आता उजवीकडे घे, आणि मी घेतलं.

मनालीला दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. खाली उतरल्याने बराच फरक पडला होता. वेळेत आणलंत, असं तिथली डॉक्टरीण म्हणाली, आणि मी बाहेरच्या बाकावर बसून मोकळेपणाने रडले. गाडी आम्ही ट्रकवर चढवून पाठवली आणि आम्ही विमानाने आलो. राहिलेली तपासणी ठाण्याला झाली. मी बरोबर होते आणि डॉक्टरसमोर सगळे प्रश्न मीच विचारले. गोळ्या वाढल्या, फिरणं सुरू झालं, जीव वाचला. रविवारी सकाळी हे परत गाडीचं कव्हर काढतात, पुसतात, सुरू करतात. डाव्या अंगाचा ओरखडा त्यांनी अजून रंगवून घेतलेला नाही.

ताट मी अजून रीतसर वाढते. मीठ वाढत नाही. लिंबू आहे, आणि डावीकडे चटणी आहे, पण मीठ न घालता केलेली. पहिल्या दिवशी मी समोर बसून बघत राहिले. त्यांनी पूर्वीसारखी बोटभर चटणी आधी जिभेवर ठेवली, गिळली आणि छान झालीय म्हणाले. मान एकदम सरळ. ते रोज खातात आणि रोज छान म्हणतात, आणि ते खोटं बोलताहेत हे मला रोज कळतं. तेवढं एक खोटं मी चालवून घेते. मात्र रात्री दिवा घालवण्याआधी मी विचारते, कसं वाटतंय? तेव्हा "काही नाही" म्हणायची त्यांना परवानगी नाही. ते डोळे मिटून, छातीवर हात ठेवून नीट विचार करतात आणि मग सांगतात, भरपूर किंवा टायरभर. टायरभर म्हणाले तर आम्ही डॉक्टरला फोन करतो. भरपूर म्हणाले तर मी दिवा घालवते, आणि त्यांचा श्वास एका लयीत लागेपर्यंत जागी राहते.